कोणता देव मानायचा, कोणता नाही: खान्देशात राहून पेगन वाट धरणाऱ्यांसाठी

पेगन हा शब्द लॅटिन ‘पागानुस’वरून आला. मूळ अर्थ गावाकडचा, खेडवळ माणूस. ख्रिस्ती झालेल्यांनी तो पुढे जुने देव न सोडणाऱ्यांना चिकटवला. आज युरोप-अमेरिकेत जी मंडळी स्वतःला हौसेने पेगन म्हणवतात, त्यांना खापरपणजोबांचे देव पुस्तकांतून हुडकावे लागतात. आइसलँडमध्ये ‘आसात्रुआर्फेलागिद’ ही संस्था १९७२ साली निघाली आणि १९७३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. पण तिच्या हाताशी असलेलं बरंचसं साहित्य तेराव्या शतकातलं, म्हणजे ते बेट ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटल्यावर लिहिलेलं आहे.

खान्देशातल्या माणसाची अडचण नेमकी उलटी. इथे श्रावणात नारळाला नाक-डोळे लावून कानबाई बसते, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरली जाते, शिवेवर मरीमाय आहे, विहिरीत सातीआसरा आहेत. देव कमी नाहीत. मात्र जिवंत देव दुकानातल्या वस्तूसारखा उचलून आणता येत नाही. त्याला आधीच घर असतं, माणसं असतात, त्याच्या ताटातलं कुणी खायचं याचेही नियम असतात. उत्तर युरोपातला ओडिन किंवा ग्रीकांची हेकाटे यांच्याबाबत ‘आमच्या देवाला हात का लावला’ म्हणून कुणी भाऊबंद दारात उभा राहणार नाही, पण त्यांचं जेवणखाण, तिथी, वार सगळं तुम्हालाच उभं करावं लागेल. निवड करताना हा फरक आधी डोक्यात पक्का करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

आधी एका वाक्यात लिहा: देव म्हणजे काय?

यावर आठवडाभर वाद घालू नका. वहीच्या पहिल्या पानावर तुमचं आजचं मत लिहा. पेगन लोकांत चार-पाच मतं चालतात. कुणाला प्रत्येक देव स्वतंत्र, माणसासारखं मन असलेला वाटतो. कुणाला सगळे एकाचीच रूपं वाटतात. कुणासाठी देव म्हणजे पाऊस, ऊन, नदी याच शक्ती. काहींना ती मनाला वळण लावणारी प्रतीकं वाटतात, आणि काही सरळ म्हणतात की देव नाहीत, पण ऋतू आणि पूर्वज मानायला आवडतात. यातलं कुठलंही चालतं.

मत लिहून ठेवायचं कारण व्यवहाराचं आहे. देव स्वतंत्र मानत असाल तर थॉर (उत्तर युरोपातला मेघगर्जनेचा देव) आणि इंद्र ‘एकच’ म्हणून एका ताम्हणात बसवणं तुमच्याच मताच्या विरुद्ध जातं. प्रतीक मानत असाल तर नवस बोलण्यात अर्थ नाही. मत बदललं तर तारीख टाकून खाली नवं लिहा, जुनं खोडू नका.

घरात आधीच कोण बसलंय ते मोजा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि नेमकी हीच सर्वांत जास्त देऊन जाते. एक दुरेघी पान घ्या, पाच रकाने आखा: देवाचं नाव, ठिकाण, कोणत्या तिथीला काय करतात, ताटात काय असतं, आणि ते कोण खाऊ शकतं. शेवटचा रकाना विसरू नका. देव कितपत ‘बंद’ आहे ते त्यावरूनच कळतं.

मग माहीतगार माणूस शोधा. बहुतेक घरांत तो माणूस वडील नसतात, तर आजी, आत्या किंवा मोठी काकू असते. कुळाचार बायकांच्या हातून चालतो, त्यामुळे वडिलांना देवाचं नाव ठाऊक असतं आणि पुरणाचे दिवे किती लावायचे हे काकूला. ‘कुळदैवत कोणतं?’ असं थेट विचारलं तर एका शब्दाचं उत्तर येतं आणि विषय संपतो. आजी अहिराणी बोलत असेल तर अहिराणीतच विचारा, ‘आपला कुयना देव कोनता शे?’ आणि त्याला लागून हेही विचारा: माझं जावळ कुठे काढलं? लग्न झाल्यावर जोडपं पहिलं कुठे दर्शनाला नेतात? लग्नात आपलं देवक कोणतं पुजतात? कानबाईचे रोट आपल्याकडे असतात का, असतील तर कुणाच्या घरी? एखादा देव पूर्वी होता आणि मग बंद पडला, असं काही आहे का?

देवकाच्या प्रश्नाला खास जपा. अनेक मराठा आणि इतर कुळांत देवक म्हणजे एखादं झाड, पालवी किंवा वस्तू असते: कळंब, उंबर, जांभूळ, आंबा, पंचपालवी. निसर्गपूजक म्हणवणाऱ्याने लग्नाच्या मांडवाबाहेर कधी न आठवलेलं हे झाड आपल्या यादीत सर्वांत वर ठेवायला हवं. त्याच्यासाठी मूर्ती लागत नाही, दीक्षा लागत नाही आणि ते तुमचंच आहे.

देव्हाऱ्यातले टाक नीट पाहा. टाक म्हणजे ठशावर ठोकून उठवलेला चांदीचा छोटा पत्रा. वर्षानुवर्षं चिंच-राखेने घासल्याने नक्षी पुसट झालेली असते, म्हणून उजेड तिरका पाडून मोबाइलवर फोटो काढा. घोड्यावर बसलेला खंडेराव, आठ किंवा अठरा हातांची देवी, नुसताच उभा वीर, इतकं तरी ओळखू येतं. टाक ओळखू आला नाही म्हणून त्याला अंदाजाने नाव देऊ नका. ‘वाडवडिलांचा टाक’ एवढीच नोंद पुरे.

घरात सांगणारं कुणी उरलं नसेल तर भाऊबंदांच्या मूळ गावी जा. वंशावळीची वही घेऊन भाट येत असतील तर त्यांना विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे गावाच्या आणि आडनावाच्या क्रमाने नामावळी असतात, तिथे आजोबा-पणजोबांच्या नोंदी सापडू शकतात.

शिवार चालून या

दुसरं पान तुमच्या जागेचं. घरापासून चालत जाता येईल एवढ्या टापूत, साधारण दोन-तीन किलोमीटरमध्ये, तीन रविवार फिरा. पहिल्या रविवारी पाणी पाहा: नदी, नाला, पाट, जुनी विहीर. दुसऱ्यांदा झाडं आणि दगड, म्हणजे शेंदूर फासलेला म्हसोबा, पिंपळाखालचा मुंजा, बांधावरचं खेजडं किंवा निंब. तिसऱ्यांदा वेस आणि शीव. प्रत्येक ठिकाणी शेंदूर ताजा आहे की जुना, हार कोणत्या वाराचा, कुणी बकरं कापतं की नारळ फोडतं, ते टिपा. ताजा शेंदूर म्हणजे सांभाळणारं कुणीतरी आहे. त्याला भेटल्याशिवाय स्वतःचं काही ठेवायचं नाही, हळदकुंकूसुद्धा नाही.

मोठी ठाणी सगळ्यांना खुली आहेत. धुळ्याला पांझरेकाठची एकवीरा, साक्री तालुक्यात म्हसदीची धनदाई, चाळीसगावजवळच्या डोंगरात पाटणादेवी, यावल तालुक्यात आडगावची धबधब्याशेजारची मनुदेवी, सारंगखेड्याचा एकमुखी दत्त. वणीची सप्तशृंगी नाशिक जिल्ह्यात असली तरी चैत्र पौर्णिमेला खान्देशातून पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. डोंगर, पाणी आणि देवी हे तिन्ही एकत्र अनुभवायचं असेल तर पावसाळ्यात मनुदेवीला जा आणि पुन्हा मे महिन्यात जा. एकाच जागेची दोन रूपं पाहिल्याशिवाय ‘निसर्गदेवता’ हा शब्द वापरू नये, असं आमचं मत आहे.

सातपुड्यातले आदिवासी देव हा वेगळा विषय आहे. याहा मोगी, वाघदेव, डोंगऱ्या देव, अस्तंब्याची यात्रा हे भिल्ल, पावरा, कोकणा, मावची समाजांचं चालतं-बोलतं आयुष्य आहे. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला जाता येतं, धनतेरसच्या सुमारास अस्तंबा चढता येतो, काठी गावची होळी पाहता येते. पाहुणा म्हणून जा, सांगतील तिथे चप्पल काढा, विचारल्याशिवाय फोटो नाही. पण तिथली मांडणी पाहून घरी येऊन तशीच मांडू नका. डोंगऱ्या देवाचं व्रत ठरलेली माणसं ठरलेल्या नियमाने पाळतात. त्यातलं गाणं किंवा वाद्य उचलून आपल्या गच्चीवर वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं भांडं न विचारता नेणं.

कानबाईचंही थोडं असंच. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसते, सोमवारी तिचं विसर्जन. रोटासाठी भाऊबंद एकत्र येतात, माणशी मुठीने धान्य मोजून घेतलं जातं, आणि रोटाचा प्रसाद कुळाबाहेर जात नाही. तुमच्या कुळात रोट असतील तर तुमचं नाव त्या मुठींत आहे. निवडीचा प्रश्नच नाही, फक्त त्या रविवारी गावी पोचायचं. नसतील तर एकट्याने कानबाई बसवू नका. शेजारच्या घरी दर्शनाला जा, रात्री गाणी ऐका. रोट मात्र मागू नका, आणि दिले नाहीत म्हणून रुसूही नका.

बाहेरचे देव हवेसे वाटत असतील तर

वाटायला हरकत नाही. फक्त कोणत्या परंपरेत काय खुलं आहे ते समजून घ्या. विक्का ही जेरल्ड गार्डनर याने १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांपुढे आणलेली वाट. तिच्या मूळ शाखांत दीक्षा घेतल्याशिवाय देवदेवतांची खरी नावं सांगत नाहीत, म्हणून कुठेतरी वाचून ‘ही विक्काची देवी’ असं ठरवू नका. ग्रीक देवांना अशी दीक्षा लागत नाही. तिथे हेस्तिआ, म्हणजे चुलीची देवी, हिला पहिला आणि शेवटचा वाटा द्यायची रीत होती. खान्देशी स्वयंपाकघरात ही देवी सगळ्यात सहज बसते: पहिली भाकरी उतरली की चिमूटभर तुकडा, एक घोट पाणी, झालं. इजिप्तच्या देवळांत देवापुढचं अन्न नंतर पुजारी वाटून खात. हे आपल्या नैवेद्यासारखंच आहे, त्यामुळे घरच्यांना समजावणं सोपं जातं. ग्रीकांत मात्र पाताळातल्या देवांना आणि मृतांना दिलेलं बहुधा परत घेत नसत, ते मातीत ओतून टाकायचे.

इथे एक मोठी चूक होते. हेकाटेचा वाटा अमावास्येच्या रात्री तिठ्यावर ठेवायची जुनी रीत आहे. ती वाचून कुणी अमावास्येला गावातल्या चौफुलीवर अंडं, लसूण आणि भाकर ठेवली, तर सकाळी अख्खी गल्ली ‘उतारा कुणी टाकला’ म्हणून विचारायला निघते. एखाद्या घरात आजारी मूल असेल तर गोष्ट भांडणावर जाते, आणि ज्या म्हातारीवर आधीच संशय असेल तिच्यावर आळ येतो. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि लोकांची भीतीही खरी आहे. वाटा स्वतःच्या उंबऱ्याच्या आत ठेवा, सकाळी मातीत पुरा. हेकाटे उंबऱ्याचीही देवता होती, तिचं काही बिघडत नाही.

दुसरी चूक पंचांगाची. आधुनिक पेगनांचे आठ सण इंग्लंडच्या ऋतूंवर बेतलेले आहेत. १ मेचा बेल्टेन हा तिकडे वसंत आणि शेकोटीचा सण. आपल्याकडे त्या दिवशी पारा ४२-४३ वर असतो, रानात वाळलेला कडबा पडलेला असतो आणि ठिणगी उडाली तर शेजाऱ्याची गंजी जाते. १ ऑगस्टचा लामास पहिल्या धान्याचा सण, पण तेव्हा इथला कापूस जेमतेम गुडघ्याला लागलेला असतो. २१ डिसेंबर हा तिकडे वर्षातला सर्वांत काळोखाचा काळ. इथे वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरवागार हरभरा, वर्षातला सर्वांत सुखाचा काळ. तारखा तशाच उचलल्या तर दोन वर्षांत कंटाळा येतो आणि माणसाला वाटतं आपली श्रद्धाच कमी पडली. श्रद्धा नव्हे, पीक चुकलेलं असतं.

उपाय असा: सणाचा अर्थ घ्या, दिवस आपला घ्या. पहिल्या धान्याचा सण मूग-उडीद घरात येतात तेव्हा भाद्रपदात, किंवा दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू निघाल्यावर फाल्गुनात. शेकोटीला होळी आहेच. मृतांच्या आठवणीला पितृपक्ष आणि आखाजी. पावसाच्या देवाला, मग तो थॉर असो की आणखी कुणी, मृगाचा पहिला सडाका. थॉरचा वार गुरुवार आहे. आपल्याकडे तो दत्ताचा, तेव्हा घरात त्या दिवशी वशाट नसतंच. एरवी तिकडे वाहतात ती मधाची दारू इथे घरी गाळण्या-आंबवण्याच्या फंदात पडू नका, ते कायद्यात बसत नाही. कपभर पाण्यात एक चमचा मध ढवळून ओता.

तीन नावांवर या, मग एकाची सव्वा महिना ओळख करून घ्या

दोन्ही पानांवर मिळून वीस-पंचवीस नावं झाली असतील. त्यातून तीन निवडा: एक घराचं (कुळदैवत, देवक किंवा पितर), एक जागेचं (नदी, झाड, गावदेव), आणि हवं तर एक मनाचं, जे कुठलंही असू शकतं. प्रत्येकाला एकच प्रश्न लावा: नोकरी, उन्हाळा, परीक्षा आणि घरातलं आजारपण धरून हे वर्षभर निभेल का? सप्तशृंगीला दर पौर्णिमेला जाईन म्हणणारे आषाढातच गळतात. मागच्या वाड्यातल्या निंबाला रोज तांब्याभर पाणी घालणारे सहसा टिकतात.

तिघांपैकी एकापासूनच सुरुवात करा. प्रतिपदेपासून सव्वा महिना, म्हणजे ३७-३८ दिवस. त्यात किमान एक पौर्णिमा आणि एक अमावास्या येतेच. लागणारं सामान: मातीच्या चार पणत्या (एक वापरात, तीन राखीव, कारण त्या तडकतात), २०० मिली तीळतेल, फुलवातीचं पाकीट, एक छोटा पाट, एक वाटी, वही. मूर्ती, टाक, फोटो यातलं काहीही विकत घेऊ नका. जागा दाखवायला नदीचा गोटा, झाडाचं पान किंवा सुपारी पुरते.

रोजचा क्रम दहा मिनिटांचा. हातपाय धुवा, पाट पुसा, वाटीत ताजं पाणी. पणतीत एक चमचा तेल, म्हणजे साधारण ५ मिली. फुलवात असेल तर पाऊण ते एक तास चालतं, वात जाड केली तर लवकर संपतं आणि काजळी धरते. दिवा लावून नाव घ्या, मोठ्याने, एकदाच. एक वाक्य बोला, मागणं नको. पाच मिनिटं नुसतं बसा. मग वहीत तारीख, वेळ, हवा आणि मनात आलेली एक गोष्ट. पाणी दुसऱ्या दिवशी झाडाला.

चैत्र-वैशाखात सुरू करत असाल तर कुलरचा विचार करा. खान्देशात संध्याकाळी कुलर लागला की त्याच्या झोतात एकही दिवा टिकत नाही. मग माणूस कुलर बंद करतो, घरचे घामाघूम होतात आणि तिसऱ्या दिवशी देवाला शिव्या बसतात. पाट झोताच्या आडव्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, किंवा पहाटे साडेपाचला बसा. याच दिवसांत दूध आणि खीर दोन-तीन तासांत नासते, मुंग्या येतात. गूळ-दाळ्या, खारीक किंवा नुसतं पाणी ठेवा. गॅसची नळी आणि पडदा यांपासून दिवा हातभर तरी लांब असावा.

सव्वा महिन्यात चार-पाच दिवस चुकतील. चुकलेला दिवस वहीत ‘चुकला’ असा लिहा आणि पुढे चला. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन दिवे लावू नका. दंडाची सवय एकदा लागली की देव सावकार होऊन बसतो. सलग दहा दिवस चुकले तर तेच उत्तर आहे. देव चुकीचा नसेलही, पण ही वेळ किंवा हा क्रम तुमचा नाही.

कौल, स्वप्नं आणि भगत

या काळात स्वप्नं पडतात, योगायोग दिसतात. सव्वा महिना घुबडाचा विचार करणाऱ्याला घुबड दिसणारच, खान्देशातल्या प्रत्येक जुन्या वाड्यात ते असतं. म्हणून नियम: जे स्वतःला जाणवलं ते स्वतःपुरतं खरं धरा, दुसऱ्यावर लादू नका. एखादी खूण वहीत वेगवेगळ्या दिवशी तीनदा येईपर्यंत तिच्यावर निर्णय नाही. कौल लावायचाच तर प्रश्न हो-नाहीचा, आधी लिहून ठेवलेला, आणि एकदाच. मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा लावलेला कौल हा कौलच नव्हे.

पैसे, दागिना किंवा एकट्या बाईला रात्री बोलावणं, यातलं काहीही मागणारा भगत-मांत्रिक आला की उठून या. बाजारात ‘हत्थाजोडी’ म्हणून जडीबुटी विकतात, ती मुळी नसून घोरपडीचा अवयव असतो. ‘इंद्रजाल’ हा समुद्रातला प्रवाळवर्गीय जीव आहे. दोन्ही जवळ बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि निसर्गपूजकाच्या पाटावर ते दिसणं तर लाजिरवाणंच.

झोप उडाली, आवाज ऐकू येऊन ‘हे कर, ते कर’ म्हणू लागले, किंवा उपास थांबवताच येईना, तर सगळं बंद करून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. देवाची परीक्षा म्हणून ते सोसत बसू नका.

ठरलं की बसवणं, नाही ठरलं की उठवणं

सव्वा महिन्यानंतर वही पहिल्या पानापासून वाचा. बसायला जाताना पाय ओढले की उचलले, एवढंच पाहा. पाय उचलले असतील तर छोटा, मुदतीचा शब्द द्या: ‘पुढच्या आखाजीपर्यंत दर अमावास्येला दिवा आणि भाकरीचा पहिला तुकडा.’ ‘आयुष्यभर’ हा शब्द पहिल्या वर्षी तोंडातून काढू नका. मुलाबाळांच्या वतीने काहीही बोलू नका. बापाने बोललेला आणि मुलाला न सांगितलेला नवस हा खान्देशातल्या निम्म्या घरांतला न सुटणारा गुंता आहे.

एकत्र घरात नवा पाट मांडताना जुन्या देव्हाऱ्यातला एकही टाक हलवू नका आणि नवं काही त्यात घुसडू नका. वेगळा कोपरा घ्या, जुन्या देव्हाऱ्यापेक्षा खालच्या उंचीवर. सासूबाईंना ‘मी पेगन झाले’ सांगण्यात हशील नाही. ‘आई, मी निंबाला रोज पाणी घालून दिवा लावणार आहे’ म्हटलं तर त्या स्वतःच तेल काढून देतील. पहिलं वाक्य पोरीने घर सोडल्यासारखं ऐकू येतं, दुसरं घर धरल्यासारखं. दोन्हीतली कृती एकच.

जमलं नाही तर उठवणंही रीतसर करा, अर्धवट सोडू नका. शेवटचा दिवा, थोडा गूळ, हातात चिमूटभर अक्षता. जे मिळालं त्याबद्दल दोन शब्द, ‘माझ्याकडून इथवरच’ असं स्पष्ट, मग अक्षता वाहून गोटा किंवा सुपारी जागेवरून किंचित हलवा. गणपतीच्या उत्तरपूजेत करतात तेच. गोटा जिथून आणला तिथे परत, सुपारी मातीत. पणत्या नदीत टाकू नका, फोडून कुंडीच्या तळाशी घाला. वाडवडिलांचा टाक मात्र असा परस्पर उठवायचा नसतो. तो भाऊबंदांना विचारून, घेणाऱ्याच्या हातात द्यायचा.

आणि कुणीच नको असेल तर

तोही पूर्ण निर्णय आहे, अपुरा नव्हे. पेगनांत देव न मानणारे बरेच आहेत. मग वर्षाला चार कामं धरा आणि ती चोख करा. आखाजीला घागर: नवं मातीचं मडकं, काठोकाठ पाणी, वर खरबूज आणि सांजोरी, गेलेल्यांची नावं मोठ्याने. आगारी टाकायची तर तळहाताएवढी गोवरी निखारा होईपर्यंत अंगणात जाळा, धूर संपला की चमचाभर तूप आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा चिमूटभर घास निखाऱ्यावर, भोवती पाण्याची धार. धूर असतानाच घास टाकला तर तो जळत नाही, नुसता करपतो आणि वास घरभर फिरतो. दुसरं, मृगात एक झाड, देवकाचं मिळालं तर उत्तमच. तिसरं, पोळ्याला ज्या जनावराच्या किंवा यंत्राच्या जिवावर घर चालतं त्याची धुवून-पुसून पूजा, ट्रॅक्टर असेल तरी. चौथं, तापी, गिरणा, पांझरा, बोरी, जी तुमची नदी असेल तिच्या काठी थंडीतली एक सकाळ आणि सोबत कचऱ्याची एक रिकामी गोणी.

घागरीतलं पाणी संध्याकाळी पितात की झाडाला घालतात, याची रीत घराघरांत वेगळी आहे. ते मात्र आजीलाच विचारा.